आखूड लाट, लांब लाट

जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या पूर्वेला खोडद नावाचं गाव आहे. तिथल्या आणि आजूबाजूच्या गावांच्या शिवारात आभाळाकडं तोंड करून 30 मोठाल्या ताटल्या उभ्या आहेत. 14 ताटल्या खोडदजवळ एकमेकींच्या शेजारी आणि उरलेल्या 16 तीन दिशांना पांगलेल्या, पार पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. आमचं शिवार तिथून चार-पाच मैलांवर. घरी पाहुणारावळा आला की हमखास विचारतो, "एवढ्या मोठ्या छत्र्या कसल्या हो?"

नव्वदच्या सुमाराला त्यांचं काम सुरू झालं, तेव्हा आम्हीही पारावर हेच विचारत होतो. कोण म्हणायचं लष्कराचं काहीतरी आहे, कोण म्हणायचं ढग पांगवायचं यंत्र आहे. ती रेडिओ दुर्बीण आहे आणि डॉ. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञांनी ती उभी केली, हे हळूहळू कळत गेलं. पण रेडिओ म्हणजे ऐकायचा आणि दुर्बीण म्हणजे बघायची, मग ही रेडिओ दुर्बीण काय भानगड आहे, हा प्रश्न राहिलाच.

शेतकऱ्याला कुठलीही गोष्ट एकर-गुंठ्यात मोजल्याशिवाय समजत नाही. एका ताटलीचा व्यास 45 मीटर. मी वहीत गणित मांडलं, तर एका ताटलीचं क्षेत्र भरलं पावणेसोळा गुंठे. तिसांचं मिळून पावणेबारा एकर. एवढं मोठं रान आभाळाखाली पसरून ही माणसं गोळा काय करतात, ते मला बघायचं होतं.

दरवर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ती जागा लोकांना बघायला खुली असते. शाळांच्या पोरांची जत्राच भरते. तिथं एका संशोधक पोरानं मला ताटलीखाली उभं केलं आणि म्हणाला, "काका, वर बघा." वर बघतो तर आभाळ दिसत होतं. ताटली म्हणजे पत्रा नव्हताच. बारीक तारेची जाळी होती, बोटभर रुंदीच्या भोकांची.

मी म्हटलं, "यातून उजेड खाली येतोय, वारं येतंय, मग लाटा कशा अडतात?"

तो म्हणाला, "तुम्ही गहू चाळता ना? माती खाली पडते, गहू वर राहतो. तसंच. उजेडाची लाट इतकी बारीक असते, की केसाच्या जाडीत शंभरावर मावतात. ती निघून जाते. आम्हाला हवी असते ती आभाळातल्या हायड्रोजनची लाट, 21 सेंटिमीटरची."

21 सेंटिमीटर म्हणजे साधारण वीतभर. वीतभर लाटेला बोटभराच्या भोकाची जाळी म्हणजे भिंतच. आणि वाऱ्याला वाट मोकळी असल्यामुळं वावटळीत ताटली उडत नाही. एवढं ऐकलं आणि डोक्यातली गाठ सुटली. उजेड आणि रेडिओ ही सख्खी भावंडं आहेत. दोघांचा वेगही एकच, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. फरक फक्त लाटेच्या लांबीचा.

मग घरी आल्यावर मी शिवारातल्या लाटा मोजायला लागलो.

सगळ्यात लांब लाट आमच्या वडिलांच्या ट्रान्झिस्टरची. चामड्याच्या पिशवीतला तो रेडिओ विहिरीच्या काठावर बोरीच्या फांदीला टांगलेला असायचा. पुणे केंद्र लागायचं मध्यम लहरींवर, 792 किलोहर्ट्झला. हिशेब केला तर ती लाट पावणेचारशे मीटरच्या आसपास भरते, म्हणजे आमच्या विहिरीपासून वस्तीपर्यंत एकच लाट. रात्री त्याच रेडिओवर कुठल्या कुठल्या मुलखातली केंद्रं लागायची. दिवसा उन्हानं वरच्या हवेत एक थर तयार होतो आणि तो या लाटा गिळतो. रात्री तो थर विरतो आणि लाटा त्याच्याही वरच्या थरावर आपटून लांब जाऊन पडतात. वळवाच्या दिवसांत आभाळ अजून कोरडं असलं आणि रेडिओ कर्रकर्र करायला लागला, की वडील म्हणायचे, "वैरण झाका रं, कुठंतरी इजा पडायला लागल्यात." इजेचीही लाट असते. मोटारीच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडली तरी रेडिओ खरखरतो. म्हणून तर ती दुर्बीण शहराच्या गोंगाटापासून लांब, आमच्या डोंगराआड बांधली. तिला जे ऐकायचं असतं ते इतकं हलकं, की एक ठिणगीही तिच्या कानाशी ढोल वाजवल्यासारखी.

त्यापेक्षा आखूड लाट मोबाइलची, वीत-दीड वीत. आमच्याकडं शेतीची वीज आठवड्याचे काही दिवस रात्रीच येते आणि उसात बिबट्या असतो. पूर्वी मध्यरात्री हातात बॅटरी आणि काठी घेऊन, खोकत खाकरत विहिरीवर जावं लागायचं. आता मोटारीला सिमकार्डाचं स्टार्टर बसवलंय. अंथरुणातून फोन लावला की मोटार सुरू. ही वीतभर लाट माझ्याऐवजी उसाच्या कडेनं जाऊन येते. तिला बिबट्याची भीती नाही.

अजून आखूड झाली की ती ऊब होते. तिला अवरक्त किरण म्हणतात. शेकोटीपुढं बसल्यावर तोंडाला जी धग लागते, ती हीच. टीव्हीच्या रिमोटातही हीच असते. रिमोटचं बटण दाबून त्याचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये डोळ्याला न दिसणारा तो जांभळट टिपका लुकलुकताना दिसतो. पण शेतकऱ्याची तिच्याशी खरी गाठ पडते ती पौष महिन्यात. आभाळ निरभ्र असलं, की दिवसभर तापलेल्या जमिनीतली ऊब रात्रभर वर निघून जाते आणि पहाटे द्राक्षबागेत कडाका पडतो. ढगाळ असलं की ढग गोधडीसारखे ती अडवून धरतात. बागाईतदार पहाटे बागेत धूर करतात, ते बागेवर गोधडी घालायलाच.

मग येतो उजेड. ता ना पि हि नि पा जा, एवढे सात रंग, बस्स. सगळ्या लाटांच्या रांगेत आपल्या डोळ्यांच्या वाट्याला एवढाच बांध आलाय. बांधाच्या पलीकडं जांभळ्यापुढं अतिनील आहे. आपल्याला ती दिसत नाही, मधमाशीला दिसते. ठिबकच्या नळ्या काळ्याच का असतात ते इथं कळतं. प्लास्टिकात काजळीची पूड घातलेली असते, ती अतिनील किरण पिऊन टाकते. साधी पांढरी दोरी दोन उन्हाळे उन्हात राहिली की हातात भुगा होतो, काळी नळी टिकते.

इथंच ही रांग गुण बदलते. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, ते लाटांना तंतोतंत लागू आहे. लाट जितकी आखूड, तितका तिचा घाव खोल. रेडिओची पावणेचारशे मीटरची लाट आपल्या अंगावरून रोज जाते, काही करत नाही. अतिनील कातडी भाजते. त्याहून आखूड क्ष-किरण मांसातून आरपार जातात आणि हाडाची सावली पाडतात. 1895 साली रॉन्टजेननं आपल्या बायकोच्या हाताचा असा फोटो काढला, त्यात बोटांची हाडं आणि अंगठी दिसते. आणि सगळ्यात आखूड ते गॅमा किरण.

या गॅमाशी आमच्या घराची ओळख 2011 साली झाली. मंडळींच्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी 25 वेळा शेक घ्यायला सांगितला. शेक म्हणजे कोबाल्टच्या यंत्राखाली झोपायचं. आठवड्यातले पाच दिवस, असे पाच आठवडे. जाड भिंतींच्या खोलीत तिला एकटीला सोडून सगळे बाहेर यायचे आणि जड दार लागायचं. आत दोन-तीन मिनिटं, बाहेर मला ती दोन-तीन तासांसारखी.

शेवटचा शेक घेऊन आम्ही गावी आलो, तर भावकीतल्या एक आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "हिच्या अंगातून आता किरणं निघत्यात म्हनं. बारक्या पोरांना नका जाऊ देऊ जवळ."

नातू तेव्हा दीड वर्षाचा होता. आजीकडं झेपावायचा. सूनबाई काही बोलली नाही, पण पोराला उचलून आत गेली. मंडळी त्या दिवशी जेवल्या नाहीत. गाठीचं दुःख तिनं सोसलं होतं, हे तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन लावला. यंत्र चालवणारी मुलगी होती, तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, बॅटरीचा झोत तुमच्या अंगावर पडला आणि मग बॅटरी बंद केली, तर तुमचं अंग रात्रभर उजेड देतं का?"

"नाही."

"मग काकूंचं कसं देईल? खुशाल नातू मांडीवर द्या."

संध्याकाळी मी घरातले दिवे बंद केले. सगळ्यांना ओटीवर बसवलं, बॅटरीचा झोत माझ्याच छातीवर टाकला आणि बंद केला. अंधारात क्षणभर कुणी बोललं नाही. मग सूनबाई उठली आणि तिनं पोरगं आजीच्या मांडीवर ठेवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की भराभर वाढणाऱ्या पेशींवर या किरणांचा घाव जास्त बसतो. हे ऐकताना मला लासलगाव आठवलं. तिथं भाभा अणुसंशोधन केंद्रानं 2002 साली कांद्याला गॅमा किरण देण्याचं केंद्र उभारलं. 2007 साली तिथूनच आंबा किरणं देऊन अमेरिकेला गेला. कांद्यातला वाढणारा भाग म्हणजे कोंब. किरणांनी तो मरतो आणि कांदा चाळीत टिकतो. त्या कांद्यात किरणं साठून राहत नाहीत, तो आपण भाकरीबरोबर फोडून खातो. कोबाल्ट तोच. एका ठिकाणी कांद्याचा कोंब थांबवला, एका ठिकाणी माझ्या घरातल्या दुखण्याचा.

तो नातू आता कॉलेजात जायच्या वयाचा झालाय आणि मंडळी अजून कांद्याच्या काटणीला माझ्या पुढं असतात. गेल्या वर्षी वाडीतल्या एका तरण्या लेकीला शेक घ्यायला जायचं होतं. कडेवर लेकरू, डोळ्यांत पाणी. मंडळींनी खुंटीवरची बॅटरी काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बस गं बाई, दिवा घालव. तुला एक गंमत दाखवते."