ठिणगीचं घर

मे महिन्यातली पुलगावची दुपार. स्टेशनकडच्या गॅरेजात मिस्त्रीकाकांनी माझ्या भाच्याच्या गाडीतले चारही प्लग काढले आणि ओळीनं बाकावर मांडले. भाचा फडकं घेऊन पुढे झाला, तसा काकांनी त्याचा हात धरला. "पुसू नको. आधी तोंड पाय त्याचं, मग बोलू."

प्लगचं तोंड पाहायला मी शिकलो ते लुनावर. १९७२ साली कायनेटिकनं आणलेली ती गाडी पेट्रोलात ऑइल मिसळून चालायची, आणि त्या ऑइलची काजळी प्लगच्या टोकाशी साचायची. हँडलच्या पिशवीत प्लगपाना, पॉलिशपेपरचा तुकडा आणि एक जास्तीचा प्लग कायम असे. नाक सुकं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओलं काळं असेल तर ऑइल वर येतंय, दुधाच्या चहाचा रंग आला असेल तर इंजिन सुखी आहे, हे वडिलांनी रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून शिकवलं. बाकावरचे चारही प्लग मात्र पांढरेफटक होते आणि त्यांच्या नाकावर बारीक पुरळ उठलं होतं. भाच्यानं टर्बोचा दाब वाढवून घेतला होता. गाडी पळत होती, पण तिच्या अंगात ताप होता.

"इरिडियमचे टाका काका, सगळ्यात भारी तेच," भाचा म्हणाला.

"भारी घेतला म्हणून थंडा झाला, असं नसते बाप्पा."

काकांच्या या एका वाक्यात प्लगचं सगळं शास्त्र आहे. प्लगचं पांढरं नाक किमान साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलं पाहिजे, तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. ते साडेआठशेच्या वर गेलं, की ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल त्या नाकावरच पेटतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचं, तर उष्णतेला वाट हवी. नाकातून धातूच्या अंगात, अंगातून आट्यांत, आट्यांतून इंजिनाच्या हेडात. नाक आखूड असेल तर वाट जवळची, प्लग थंड. लांब असेल तर वाट लांबची, प्लग गरम. टोकाला कुठला धातू आहे, यावर हा थंड-गरमपणा ठरत नाही.

टोकाचा धातू ठरवतो ती झीज. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर प्रत्येक प्लग सेकंदाला पन्नास वेळा पेटतो, आणि प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर अंश घेऊन जाते. निकेल १४५५ अंशांवर वितळतं, प्लॅटिनम १७६८ वर, इरिडियम २४४६ वर. म्हणून इरिडियमचं टोक ०.४ मिलिमीटर इतकं बारीक करता येतं. अशा टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडी घेते आणि ते टोक फार दिवस टिकतं. ज्याला आपण तांब्याचा प्लग म्हणतो त्याच्या टोकाला निकेलच असतं. तांबं आत, गाभ्यात. ते १०८५ अंशांवरच वितळतं, म्हणून ज्वाळेसमोर उभं राहत नाही. पण उष्णता वाहून न्यायला या चौघांत त्याची बरोबरी कुणालाच नाही. इरिडियमच्या प्लगातही मागे तेच उभं असतं.

इरिडियमबद्दल मला माया आहे ती वेगळ्या कारणानं. १८०३ साली स्मिथसन टेनंटनं ते शोधलं, आणि त्याच्या क्षारांचे रंग पाहून त्याला इंद्रधनुष्याच्या ग्रीक देवतेचं नाव दिलं. जमिनीच्या कवचात ते अत्यंत विरळ. तरी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अवकाशातून एक प्रचंड पाषाण पृथ्वीवर आदळला आणि त्याच्या धुळीबरोबर इरिडियमचा पातळ थर जगभर पसरला. त्याच काळाच्या आगेमागे दख्खनच्या भूमीतून लाव्हा वाहत होता. तो थिजून झालेल्या खडकाची झीज होऊन आमची काळी माती झाली, जिच्यात आज कापूस येतो. प्लगातलं इरिडियम खाणीतून येतं, त्या थरातून नाही. तरी ते बारीक टोक आणि शिवारातलं ढेकूळ शेजारी ठेवली, की एकाच जुन्या आगीची आठवण हातात आल्यासारखी वाटते.

आगीबद्दल हे गाव हळूच बोलतं. कापसाच्या गंजीजवळ बिडी ओढू नये, हे इथलं लेकरूही जाणतं. गावाला लागून सैन्याचं दारूगोळ्याचं कोठार आहे. ३१ मे २०१६ उजाडायच्या आत तिथे आग लागली. अधिकारी, जवान आणि विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं अंधारात घरं सोडून निघाली. त्या रात्रीनंतर मला ठिणगी हा शब्द हलका वाटत नाही. तिला घर हवं, वेळ हवी, माप हवं. प्लग म्हणजे माणसानं ठिणगीला बांधून दिलेलं घर आहे.

काकांनी साधे निकेलचे, तांब्याच्या गाभ्याचे प्लग निवडले, एक पायरी थंड. वाढलेल्या दाबात ठिणगी विझू नये म्हणून फीलर गेज घालून गॅप ०.६ मिलिमीटर केला. "हे लवकर झिजतीन. पण तू दर खेपी काढशीन, पायशीन. इरिडियम टाकलं की माणूस लाख किलोमीटर प्लगकडे पायतच नाही. गाडीचा दाब वाढवला ना? मंग पायनं बी वाढव."

पंधरा दिवसांनी भाच्यानं स्वतः प्लगपाना लावला. फडकं बाजूला ठेवून त्यानं पहिला प्लग उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे दिला. "मामा, चहाचा रंग आला."

प्लग अजून गरम होता. मी तो तळहातावर घेतला. ऊन उतरल्यावर आमच्या घराची मातीची भिंत लागते, तेवढाच गरम.