आवणीच्या दिवसांत लंडन

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या समर स्कूलची सत्रं जून ते ऑगस्ट या काळात भरतात, तीन-तीन आठवड्यांची. मी अर्थमितीसाठी जुलैचं सत्र धरलं. घरात सांगितलं तेव्हा आजीने ना फी विचारली, ना विमान. "मग आवणीला कोण?" एवढंच म्हणाली.

तिचा प्रश्न खरा होता. आमच्या गावी, चांदीपला, जुलैत भाताच्या आवणीसाठी सगळं घर चिखलात असतं, शाळकरी पोरंसुद्धा रोपांच्या मुठी पोचवतात. इंग्लंडातल्या विद्यापीठांना तेव्हा मोठी सुट्टी. आमचं कॉलेज मात्र भरलेलं आणि शेतही. काकूने बाहेरच्या दोन बाया सांगून शेताची सोय लावून दिली. कॉलेजने गैरहजेरीची परवानगी आणि 'ही ऑगस्टमध्ये पुन्हा वर्गात बसणार आहे' असं पत्र दिलं. ते किती कामाचं ठरणार आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

पैशांचं आधी वाटलं होतं, एखादी शिष्यवृत्ती निघेलच. पण राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएचडी करणाऱ्यांसाठी. तीन आठवड्यांच्या कोर्सला कोण विचारतो? पौंडाला शंभराच्या वर रुपये मोजायचे, म्हणजे फी, वसतिगृह, तिकीट मिळून आकडा घरात मोठ्याने बोलावा असा नव्हताच. शेवटी मुंबईत नोकरी करणारे काका म्हणाले, "खर्च माझ्यावर टाक, बाय." खर्च दुसऱ्याने उचललेला चालतो, फक्त त्याचं नातं आणि ऐपत कागदावर दिसावी लागते.

इथून खरं काम सुरू झालं. सहा महिन्यांच्या आतला कोर्स असेल तर ब्रिटनचा साधा पर्यटक-व्हिसा पुरतो, वेगळा विद्यार्थी-व्हिसा लागत नाही. मात्र अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी की मुलगी कोर्स संपला की परत जाणार. वीस वर्षांच्या मुलीने ही खात्री कशाच्या जोरावर द्यायची? नोकरी नाही, लग्न नाही, बाबांचा भाजीचा व्यवहार विरारच्या बाजारात हातोहात चालणारा. त्यांच्या पासबुकावरून कुणी आमची परिस्थिती ताडायला गेलं तर दोन वेळचं जेवतो की नाही अशी शंका यावी. विरारच्या एका एजंटने तोडगा सांगितला: चार दिवसांसाठी कुणाचे तरी लाखभर रुपये खात्यात फिरवून आणा. काकांनी तिथूनच मला उठवलं. स्टेटमेंट सहा महिन्यांचं असतं, अचानक आलेली रक्कम त्यात लपत नाही, आणि खोटं तर ते आहेच.

मग सातबारा काढला. आजोबांच्या मागे वारस म्हणून आजी, बाबा, काका आणि दोन आत्या अशी पाच नावं, पिकाच्या रकान्यात भात, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. माझं नाव कुठेच नाही. त्यामुळे त्या कागदावरून फार तर आजी गावी परत येईल हे सिद्ध होत होतं! मी परत येईन याचा पुरावा म्हणजे कॉलेजचं ते पत्रच. तरी सातबाराचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. भाषांतरकाराची सही, तारीख आणि अचूकतेची हमी त्यावर लागते. जोडीला रेशनकार्ड, कारण एकाच कागदावर मी आणि आजी दोघी होतो. काकांशी नातं दाखवायला त्यांचा आणि बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला.

जन्मदाखल्यावर जिल्हा ठाणे, आधारवर पालघर. आम्ही घर सोडलं नाही. 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हाच बदलला. हे व्हिसा-अधिकाऱ्याला कळावं म्हणून अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळी घातल्या. ज्याला विरारसुद्धा ठाऊक नसेल त्याला ठाणे जिल्ह्याचं विभाजन समजावून सांगताना मला हसूही आलं आणि रागही. माणसाच्या शब्दाला काहीच किंमत नाही का?

मी निघालेय त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये दाखल झाले होते. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून पुढच्याच वर्षी परतावं लागलं. पुन्हा 1920 मध्ये जाऊन 1923 ला त्यांनी डी.एस्सी. मिळवली. त्यांच्या अडचणींपुढे माझी धावपळ किरकोळ आहे, हे मला कळतं. किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं 10 नंबरचं घर राज्य सरकारने 2015 मध्ये घेतलं. एक रविवार त्याच्यासाठी राखलाय.

प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, तसा एप्रिलमध्ये भरला. बोटांचे ठसे आणि फोटो मुंबईच्या केंद्रात झाले. आई बाहेर बसून राहिली, पिशवीत सगळ्या कागदांची दुसरी प्रत घेऊन. निकालाला साधारण तीन आठवडे. तोवर माझं एकीकडे परीक्षा आणि दुसरीकडे संख्याशास्त्राची उजळणी चाललीय, कारण तिकडे पहिल्या तासापासून ते येतं असं धरूनच शिकवतात.

व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढायचं नाही, हा काकांचा नियम. तरी रोज रात्री फोन करून तेच मला सांगतात, आज भाडं किती वाढलं.