घरं येऊ द्यात, पण पाणी कुठून?

मैत्रिणींनो, घर बांधायचं ठरलं की आपल्याकडची वडीलमाणसं पहिल्यांदा विचारायची, "पाण्याचं काय?" आधी विहिरीला पाणी लागायचं, मग घराचा पाया भरायचा. एका घरासाठी जे विचारायचं, तेच हजार घरांसाठी विचारलं तर काय बिघडलं? पण विचारून बघा! "ताई, विकासाच्या आड येऊ नका" हे उत्तर ठरलेलं.

माझं सासर शिरूरचं, घोड नदीकाठचं. माहेर दौंडचं, भीमेकाठचं. न्हावरा-चौफुला रस्त्यानं जाता-येता प्लॉटचे आणि मोठ्या वसाहतींचे बोर्ड दिसतात. शाळेत पालकसभा आटोपली की बायकांत हाच विषय. एकीला जमिनीच्या पैशातून मुलाला धंदा घालून द्यायचाय, दुसरीला शेजारी शंभर बोअर पडल्या तर आपली आटेल ही धास्ती. दोघींचंही खरं आहे. शिवाय रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत राबणाऱ्यांना घरं नकोत का? हवीतच. म्हणून "घरंच नकोत" असं मी म्हणत नाही. फक्त वाणसामानाच्या वहीत करतो तसा थोडा हिशोब करू या.

समजा, हजार फ्लॅटची वसाहत आली. घरटी चार माणसं धरली तर चार हजार. दरमाणशी रोज १४० लिटर पाणी धरलं तर ५ लाख ६० हजार लिटर झालं. म्हणजे दहा हजार लिटरचे ५६ टँकर, तेही रोज! आपल्या गावच्या नळयोजना जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरून आखल्या जातात. त्यातून या वसाहतीला पाणी पुरणार कसं?

हिशोब इथंच संपत नाही. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे रोज जवळजवळ साडेचार लाख लिटर. ते शुद्ध करणारं यंत्र बसवलं तरी ते चालवायचं कुणी, त्याचं वीजबिल भरायचं कुणी? दौंडकरांना हे समजावून सांगायला नको. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढं दौंडकडे येतं. खडकवासल्याच्या कालव्यातून दौंड-इंदापूरला येणाऱ्या पाण्यावरून तर वर्षानुवर्षं ओढाताण चालूच आहे.

नगर रस्त्यावरच्या वाघोलीकडेही बघा. आधी इमारती उभ्या राहिल्या, माणसं राहायला आली आणि पाणी मागं राहिलं. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी टँकरची सवय काही सुटली नाही. तिथं फ्लॅट घेणारी बाई कर्जाचा हप्ता भरते आणि वर टँकरचे पैसेही मोजते. उद्या आपल्याकडे राहायला येणारी ती बाईसुद्धा संसारीच असणार. तेव्हा आपला प्रश्न तिच्याही भल्याचा आहे.

आता थोडं कायद्याचं. शंभर एकर, म्हणजे चाळीस हेक्टर किंवा त्याहून मोठ्या एकात्मिक नगरवसाहतीला सरकारी नियम सांगतो, की माणशी किमान १४० लिटर पिण्याच्या पाण्याची सोय दाखवा आणि त्यात जमिनीखालचं पाणी धरू नका. बोअर दाखवून भागत नाही! त्याहून लहान प्रकल्पाला हा नियम नसेना का, प्रश्न तर तोच विचारता येतो.

२००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. पण अशा बांधकामांना जनसुनावणीची अट नाही. म्हणजे दवंडी पिटून आपल्याला कुणी बोलावणार नाही. आपणच विचारायला जायचं. दोन्ही तालुक्यांचा काही भाग २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात आहे. तिथं बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत देत नाही, प्राधिकरण देतं. तेव्हा अर्ज त्यांच्याकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. आपण मात्र भाकऱ्यांच्या वेळी ती असते म्हणून जात नाही! पुढच्या सभेला चौघीजणी मिळून जा. चारच प्रश्न लिहून न्या. पाणी कुठल्या धरणातून वा नदीतून येणार आणि तशी लेखी हमी कुणी दिली? सांडपाणी कुठं सोडणार? कचरा कुठं टाकणार? शाळा, दवाखाना आणि रस्ता घरांबरोबर होणार की मागाहून? उत्तरं ठरावाच्या वहीत लिहायला लावा.

आणि तुमच्यापैकी कुणी अशा वसाहतीत घर घेणार असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी बघून घ्या. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे बिल्डरला मागता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

घरातला हंडा आपणच भरतो ना? मग गावात येणाऱ्या हजार हंड्यांचं विचारायला लाजायचं कशाला?