मी ज्याला पाल्हाळ म्हणालो

सत्यजित राय यांनी ‘चारुलता’ (१९६४) हा चित्रपट काढून रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या कथेवर उपकारच केले, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. चारचौघांत ठासून सांगतही असे. चित्रपट आधी पाहिला होता आणि तो मला निर्दोष वाटला होता. रिकाम्या दुपारी या खोलीतून त्या खोलीत जात, दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसं न्याहाळणारी माधवी मुखर्जींची चारू. वर्तमानपत्रात बुडालेला तिचा नवरा भूपती. वादळाबरोबर घरात शिरणारा सौमित्र चटर्जींचा अमल. एकही शब्द जास्तीचा नाही.

कोलकात्यात राहायला आल्यावर बंगाली शिकलो आणि कॉलेज स्ट्रीटवरून आणलेली १९०१ सालची ही कथा मुळातून वाचली. अर्ध्यापर्यंत रमलो. वहिनी चारू आणि दीर अमल यांचे बाग करण्याचे बेत, लेखनावरून चाललेले रुसवेफुगवे, सगळं आवडलं. पण अमल लग्न करून विलायतेला जातो आणि पुढे चारूचं दुःख पानंच्या पानं चालतं. तिथे मी कंटाळलो. चित्रपटात अमलचं पत्र येतं, चारू एकदाच कोसळते, भूपती ते पाहतो आणि त्याला सारं उमगतं. रवींद्रनाथांना कुठे थांबायचं ते कळलं नाही, असा निकाल मी देऊन टाकला.

तो निकाल डळमळला रायांच्याच लेखामुळे. ‘चारुलता’वरच्या अशोक रुद्र यांच्या टीकेला रायांनी ‘परिचय’ मासिकातून सविस्तर उत्तर दिलं होतं. माझ्या मताला पुरावा मिळेल म्हणून मी ते उत्तर वाचायला घेतलं. पण राय त्यात मूळ कथेत केलेल्या बदलांची कारणं मांडत होते, आणि ती पटवून घ्यायची तर कथा पुन्हा उघडणं भाग होतं.

या वेळी मी तारेपाशी अडलो. अमलची खुशाली कळावी म्हणून चारू दागिने गहाण टाकते आणि नवऱ्याला न सांगता विलायतेला जबाबी तार करते. उत्तर नेमकं भूपतीच्या हाती पडतं. पहिल्या वाचनात मला ही कथानकाची सोय वाटली होती. आता दिसली ती तार करणारी बाई. माणूस मेलं तर सुतक असतं, लोक भेटायला येतात, रडायला मुभा असते. दूर गेलेल्या दिरासाठी झुरणाऱ्या वहिनीला यातलं काहीच नाही. तिने दिवसभर घर सांभाळायचं, नवऱ्याशी हसून बोलायचं आणि संसाराच्या आत, कुणाला पत्ता लागणार नाही अशा जागी, आपला शोक जपायचा. दुःखापेक्षा ते लपवण्याचे कष्ट मोठे होते, आणि ते रोजचे होते. ते दाखवायला इतकी पानं लागणारच.

मी ज्याला पाल्हाळ म्हणालो, ते चारूचं जगणं होतं. एका बाईने किती दिवस दुःख करावं, हे मी ठरवत होतो आणि त्याला कलेची जाण म्हणत होतो. घरातल्या बायकांनाही ‘किती दिवस तेच धरून बसणार?’ असं मी विचारलेलं आहे.

मग शेवटही वेगळा दिसू लागला. पडद्यावर चारू भूपतीला आत बोलावते, हात पुढे करते. दोघांचे हात भिडण्याआधीच चित्र गोठतं. कथेत भूपती म्हैसूरला निघालेला असतो. मलाही न्या, असं ती म्हणते तेव्हा तो कचरतो. आणि तिचा चेहरा पाहून तो चल म्हणतो, तेव्हा ती नकार देते. मला हा शेवट तुटक वाटे. खरं तर मला नवऱ्याने क्षमा केलेली पाहायची होती, आणि चारूने दयेची सोबत नाकारलेली मला सोसत नव्हती.

हे घर पुन्हा सांधलं जाणार नाही, हे रायांना पुरतं ठाऊक होतं. गोठलेल्या त्या चित्रावर त्यांनी कथेचं नाव उमटवलं आहे: ‘नष्टनीड’, मोडलेलं घरटं. ते नाव मी श्रेयाचा उल्लेख समजत आलो.

‘चारुलता’ मला आजही तितकीच प्रिय आहे. पण तिच्या संयमाचा आधार घेऊन मी चारूचा शोक जास्तीचा ठरवला, हा अन्याय माझा, रायांचा नव्हे. कुणाचं दुःख लांबलंय असं आता मनात आलं, तर आधी मी स्वतःची घाई तपासतो.