वतर आणि जीवा

आमच्या गावातली जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला मुलं तालुक्याच्या मराठी हायस्कुलात जायची आणि मुली बहुतेक घरी बसायच्या. माझ्याबरोबर सातवी पास झालेल्या नऊ मुलींपैकी आठवीच्या बाकावर आम्ही दोघीच पोचलो. त्यातली एक दिवाळीच्या सुट्टीनंतर यायची बंद झाली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, किराणा दुकानाचा हिशेब तोंडी करायची. तिला गणित येत होतं. गणिताची मराठी येत नव्हती.

तशी मराठी आम्हाला येतच होती. बाजारात, एस.टी.त, विहिरीवर दुसरी भाषा कुठली? पण भूमितीची मराठी कुणाच्याच घरी बोलत नाहीत, पाटलांच्या नाही की कुलकर्ण्यांच्या नाही. त्यांच्या मुलांना निदान ती पहिलीपासून हळूहळू भेटलेली असते. आमच्यावर ती एकदम येऊन पडली. आम्ही दायरा शिकलो होतो, इथं तो वर्तुळ झाला. मरकजचं केंद्र, निस्फ कुतरची त्रिज्या, जावियाचा कोन, कौसचा कंस. कंस म्हटलं की वर्गातल्या पोरांना कृष्णाचा मामा आठवायचा आणि ती हसायची. मी त्यांच्याकडं बघून हसायचे. पुढं कळलं की मराठीत वर्तुळाचा तुकडा आणि लिखाणातलं चिन्ह, दोन्हींना कंसच म्हणतात, आणि उर्दूतही तसंच आहे. तिथं त्या चिन्हांना कौसैन म्हणतात, म्हणजे दोन कौस. सूरह नज्ममध्ये हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण हे सगळं समजायला बरीच वर्षं जावी लागली. आठवीत फक्त धडकी होती.

मी 200 पानी वही घेतली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं उर्दू. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून, त्यामुळं दोन्ही शब्द मधल्या रेघेकडं सरकत यायचे. नववी संपेपर्यंत वही निम्मी भरली. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, इथपर्यंत मी शब्दांच्या बळावर आले. दहावीला मात्र खरी प्रमेयं सुरू झाली: अंतर्लिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका आणि छेदिका. पाठ करायचा सपाटा लावला. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं पाठ. पण आकृती जरा फिरवून दिली की पाठ केलेलं सगळं पळून जायचं.

1988 च्या जानेवारीत सोलापूरहून फुफी आल्या, बरोबर त्यांची मुलगी. तीही दहावीलाच, पण उर्दू हायस्कुलात. दोघी पडवीत उजळणीला बसलो. तिचं पुस्तक उजवीकडून उघडायचं, माझं डावीकडून. आकृती मात्र तीच. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे प्रमेय ती तिच्या भाषेत म्हणत होती आणि मी माझ्या. व्यासावर बोट ठेवून ती म्हणाली, "ये वतर."

मी विचारलं, "कौनसा वतर? जीवा की कर्ण?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "वतर तो वतरच है ना गे!"

उर्दूत वर्तुळाच्या जीवेलाही वतर म्हणतात आणि काटकोन त्रिकोणाच्या कर्णालाही. मराठीत ही दोन नावं लांब लांब राहतात, एक वर्तुळाच्या प्रकरणात, दुसरं पायथागोरसच्या. आणि ते प्रमेय तर हेच सांगत होतं की सगळ्यात मोठी जीवा, म्हणजे व्यास, त्या प्रत्येक काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे. वर्तुळावरचा बिंदू कुठंही सरकवा, त्रिकोण बदलतो, कर्ण तोच राहतो. मला ते तेव्हा दिसलं, आणि मग पाठ करावं लागलं नाही. उलट तिची अडचण वेगळी होती. मुमास हा शब्द तिला काही केल्या लक्षात राहत नव्हता. मी सांगितलं, आमच्यात स्पर्शिका, स्पर्श करणारी. तिनं तिच्या मौलवीसाहेबांकडून ऐकलेलं आठवून सांगितलं की मस म्हणजेही स्पर्शच. एकमेकींच्या शब्दांनी एकमेकींची कुलुपं उघडत आम्ही चार दिवस बसलो होतो.

फुफी गेल्यावर उजळणीला कुणी उरलं नाही. अब्बा पिंजारी. सायकलला पिंजण बांधून गावोगाव जायचे, गाद्या-रजया भरून द्यायचे, रात्री केसांत, भुवयांत कापूस घेऊन घरी यायचे. त्यांना सही करता यायची, तेवढंच. मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर परात पालथी घालून खडूनं वर्तुळ काढायची आणि मोठ्यानं सिद्धता म्हणायची. एकदा ते म्हणाले, "मेरे कू बोल. समजता नै, पन सुनता मैं."

अंतर्लिखित कोनाचं प्रमेय होतं. त्यातला सगळ्यात सोपा प्रकार, कोनाची एक भुजा केंद्रातून जाते तो. मी म्हटलं, केंद्र म. अब हा व्यास. वर्तुळावर क हा आणखी एक बिंदू. मअ आणि मक सारख्या.

"कायकू?"

दोन्ही त्रिज्या आहेत म्हणून. मग अ आणि क जवळचे कोन सारखे.

"कायकू?"

समद्विभुज त्रिकोण आहे, दोन बाजू सारख्या असल्या की त्यांच्यासमोरचे कोन सारखे असतात. आणि बाहेरचा कोन बमक हा आतल्या त्या दोघांच्या बेरजेएवढा. म्हणजे केंद्राजवळचा कोन अ जवळच्या कोनाच्या दुप्पट.

"वो बेरीज कायकू?"

हे मात्र मला सातवीचं पुस्तक काढून बघावं लागलं. अब्बांना काही सिद्ध करायचं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून ते विचारत होते. पण भूमितीच्या पेपरात प्रत्येक ओळीपुढं कंसात जे कारण लिहावं लागतं, ते तरी दुसरं काय असतं? आमच्या घरात मुलीनं मोठ्यांना कारण विचारायची पद्धत नव्हती. दादींनी ठरवून टाकलं होतं की दहावी झाली की मिरजेचं स्थळ पक्कं करायचं. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्या घरात दीड महिना एक बाप आपल्या मुलीला रोज रात्री कायकू म्हणून विचारत होता आणि मुलगी कारण सांगत होती. दादी तस्बीह फिरवत ऐकायच्या. निकाल लागला, भूमितीत चांगले गुण आले. अब्बा दादींना एवढंच म्हणाले, "अभी दो साल रहने दे." ते दोन साल वाढत गेले आणि बारावीनंतर डी.एड.ही झालं.

डी.एड.च्या ग्रंथालयात शब्दकोश चाळताना दिसलं की जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत वतर म्हणजेही धनुष्याची दोरी, आणि कौस म्हणजे धनुष्य. आमच्या पडवीत खुंटीला टांगलेलं पिंजण हेच तर होतं, वाकलेली कमान आणि ताणलेली तात. अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "मतलब अपना धंदा भी किताब में है?"

पुढं शिकवता शिकवता आणखी वाचत गेले. ही प्रमेयं युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकातली, इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराची. अर्धवर्तुळातल्या काटकोनाचं तिथलं 31 वं. हारून रशीदच्या काळात बगदादमध्ये हज्जाज इब्ने यूसुफ इब्ने मतर यांनी ती अरबीत आणली. नंतर इसहाक इब्ने हुनैन यांनी नवा तर्जुमा केला आणि साबित इब्ने कुर्रा यांनी तो तपासला. 1248 मध्ये नसीरुद्दीन तूसींनी त्यांची नवी मांडणी केली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राट या पंडितांनी तूसींच्या त्याच अरबी ग्रंथावरून संस्कृतात 'रेखागणित' लिहिलं. उलट दिशेनंही शब्द गेलेच आहेत. संस्कृत जीवा अरबांनी जीबा करून घेतला, स्वरचिन्हांशिवाय लिहिला, आणि पुढच्यांनी तो जैब वाचला, म्हणजे आपल्या सदऱ्याची जेब. लॅटिनवाल्यांनी त्या जैबचं भाषांतर सायनस केलं. त्रिकोणमितीतला साइन तो हाच. ज्यांना उर्दू शाळेतून आलेली पोर मराठी वर्गात परकी वाटते, त्यांना हे एकदा सांगावंसं वाटतं. पण शिक्षकांच्या बैठकीत एवढा वेळ कुणाला असतो!

प्रमेयं कामालाही येतात, हे मुलींना पटवायला मी शेजारच्या सुतारकाकांना बोलावते. ते गुण्याचा कोपरा गोल फळीच्या काठावर टेकवतात, दोन्ही पाती काठाला जिथं छेदतात तिथं खुणा करून रेघ मारतात. फळी फिरवून पुन्हा तसंच. दोन रेघा जिथं छेदतील तो मध्य. प्रमेयाचं नाव त्यांना माहीत नाही. हात मात्र चुकत नाही.

आता बालभारतीचं उर्दू आणि मराठी, दोन्ही पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेता येतात. मुलींना दोन्ही शेजारी शेजारी उघडून देता येतात, ही मोठी सोय झाली. तरी मी वही करायलाच लावते. शब्द स्वतःच्या हातानं लिहिला की आपला होतो, असं माझं मत आहे. मधली रेघ, डावीकडं मराठी, उजवीकडं उर्दू.

यंदा संध्याकाळी तिघी येतात. तिघीही सातवीनंतर उर्दूतून मराठीत आलेल्या. वर्तुळाचं प्रकरण दुसऱ्यांदा चाललंय. अंतर्लिखित कोनाचे तिन्ही प्रकार झाले, आणि केंद्र कोनाच्या बाहेर असतं त्या तिसऱ्या प्रकारात वजाबाकी का, यावर दोन दिवस भांडण झालं. चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांची बेरीज 180 का, हे एकीनं आपण होऊन सांगितलं. दोन्ही कोनांचे कंस मिळून अख्खं वर्तुळ, त्याच्या निम्मं. तीच गेले चार दिवस आली नाही. घरी पाहुणे येणार आहेत, असं तिची आई म्हणाली. मी दुसरीबरोबर तिची वही पाठवली आणि वर पेन्सिलनं दोन उदाहरणं लिहून दिली.

शुक्रवारी वही परत आली. दोन्ही उदाहरणं सोडवलेली, प्रत्येक ओळीपुढं कंसात कारण. उद्या रविवार आहे, तिच्या घरी जाऊन यायचं ठरवलंय. स्पर्शिका-छेदिका अजून राहिली आहे.