भार आणि वाट

नियमित व्यायामासाठी धावावे की सायकल चालवावी, याचा विचार करताना वेग, अंतर आणि उष्मांक यांचाच हिशेब बहुधा मांडला जातो. परंतु या दोहोंमधील खरा भेद भाराचा आहे. धावणारा प्रत्येक पावलागणिक क्षणभर जमिनीपासून सुटतो आणि पुन्हा तिच्या स्वाधीन होतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल तळव्यातून घोटा, गुडघा आणि मांडीच्या हाडापर्यंत चढत जाते. सायकलस्वाराचे वजन मात्र सीट, हँडल आणि पेडल यांवर वाटले गेल्याने तो या आघातातून सुटतो.

ही सुटका सुखाची असली, तरी हाडाला ती मानवत नाही. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हाड ही स्वतःला सतत घडवणारी जिवंत रचना असून, भार पडेल तिथे ती भक्कम होते आणि भार सरला की विरळ होत जाते. म्हणूनच तासन्‌तास सायकलीवर राहणाऱ्या व्यावसायिक शर्यतपटूंच्या कमरेच्या मणक्यांत हाडाची घनता अनेकदा कमी आढळते. सपाट रस्त्यावर त्यांची झुंज भाराशी नव्हे, तर हवेशी असते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीचा ‘घाटांचा राजा’ जिथे ठरतो, त्या बोरघाटात चढ देहाचे वजन पुरेपूर वसूल करतो खरा, पण स्नायूंकडून आणि श्वासाकडून.

धावण्यात हाडाशी असा थेट व्यवहार असल्यामुळेच तिथे घाई चालत नाही. टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू हाडाला बांधणारा चिवट पट्टा, पाऊल टेकताना ताणली जाऊन ऊर्जा साठवते आणि उचलताना ती परत करते. या देवघेवीला ती सरावण्यास महिने लागतात, हृदय मात्र काही आठवड्यांतच तयार होते, आणि श्वास पुढे, पाय मागे अशा या काळातच नवख्याची नडगी दुखू लागते.

ज्यांचे सांधे झिजले आहेत त्यांनी निःशंकपणे सायकल जवळ करावी. इतरांनी, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होत असल्याने विशेषतः चाळिशीपुढच्या स्त्रियांनी, धावणे सहसा सोडू नये. सलग भाराने हाडाचा प्रतिसाद मंदावतो व विश्रांतीने तो पुन्हा जागा होतो; त्यामुळे पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या मातीवर आज छोटीशी धाव घेणाऱ्याने उद्याची पहाट सायकलीला द्यावी.