आमच्या सरमेचें विलायतगमन

कुत्रें पाळणें हा कांहीं आमच्या घराण्याचा कुलाचार नव्हे. सोवळें-ओवळें आतां फारसें उरलें नसलें, तरी कुत्र्यानें माजघराचा उंबरा ओलांडावा कीं नाहीं, या प्रश्नावर आमच्या एकत्र कुटुंबांत अद्यापि दोन पक्ष आहेत. अशा घरांतली कुत्री विमानांतून विलायतेंतील एका खेड्यांत राहावयास गेली, हें वर्तमान वाचकांस कौतुकाचें वाटेल.

सरमा कारवानी जातीची. आमच्या लातूर जिल्ह्यांत चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव या कुत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांबरोबर श्वानांचेंहि प्रदर्शन भरतें. तेथें लांब तोंडाचीं, पोट पाठीस लागलेलीं हीं जनावरें एकदां तरी पाहावीं. कारवान म्हणजे तांडा; तांड्यांबरोबर परमुलखांतून हीं इकडे आलीं असें सांगतात. यांच्या केंसाळ भावंडांस पश्मी म्हणतात. मुधोळचे राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनीं अशाच कुत्र्यांची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली, ही गोष्ट बहुतेकांनीं वाचलेली असेल. कोणी कोणी तिचें साल १९३७ देतात. बादशहा तर १९३६ च्या जानेवारींतच निवर्तले. मग जोडी स्वीकारली कोणीं? असो. मास्तरकी सुटली तरी तांबडी शाई सुटत नाहीं.

नांव आम्हींच ठेविलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमा आणि पणी यांचा संवाद आहे. पणींनीं दडविलेल्या गाईंचा माग काढीत इंद्राची ही दूती रसा नदी ओलांडून दूरदेशीं गेली. पणींनीं तिला बहीण मानून ठेवून घेण्याची लालूच दाखविली, ती तिनें झिडकारली. आमच्या सरमेलाहि रसेहून मोठें पाणी ओलांडावें लागेल, हें बारशाच्या वेळीं कोणास ठाऊक होतें?

चिरंजिवांस दोन वर्षांसाठीं विलायतेस जाण्याचा योग आला. राहणें शहरापासून दूर, खेड्यांत. सूनबाई आणि दहा वर्षांचा नातूहि बरोबर जाणार. नातवानें एकच प्रश्न विचारला, "आजोबा, सरमेचं तिकीट काढलं का?" आम्हांस ती येथेंच राहावी असें मनापासून वाटत होतें. पहांटे तिच्यामागून ज्वारीच्या कापल्या रानांतून हिंडण्याची संवय आम्हांस जडली होती. आणि मुलगा, सून, नातू गेल्यावर घरांत हालचाल अशी तिचीच राहिली असती. हें आम्हीं बोलून दाखविलें नाहीं, तरी आमच्या मंडळींस तें कळलेंच. त्या म्हणाल्या, "अहो, ज्या पोराला ठेवून घेतां येत नाहीं, त्याची कुत्री तरी कशाला ठेवून घ्यायची?"

पुढील कागदपत्रांचें काम आम्हीं अंगावर घेतलें. विलायतेंतून अलर्क रोग १९०२ सालीं नाहींसा झाला होता. १९१८ त तो पुन्हां शिरला आणि १९२२ त कायमचा हटला. पूर्वी बाहेरून आलेल्या कुत्र्यास तेथें सहा महिने विलग ठेवीत. २००० सालापासून ही अट हळूहळू सैल झाली. आपल्याकडे तो रोग अद्याप आहे, म्हणून येथील कुत्र्यांस नियम कडक. प्रथम कातडीखालीं ओळखीची चकती, मग लस, लसीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्ततपासणी. रक्तांत प्रत्येक मिलिलिटरमागें ०.५ एकक इतकी प्रतिकारशक्ति दिसली पाहिजे, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबलें पाहिजे. तेथें पोंचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आंत पट्टकृमींचें औषध. इतकें करून सरमा तेथें उतरणार ती प्रवासी म्हणून नव्हे, माल म्हणून! मुलगा-सून आधीं गेलीं. सरमेस चार महिन्यांवर मागें राहावें लागलें. ते चार महिने आम्हांस फुकट मिळाले.

कागदांपेक्षां आम्हांस काळजी होती ती निराळीच. हें कुत्रें धांवण्यासाठीं जन्मलेलें. येथेंहि १९७२ च्या कायद्यानें काळविटाची शिकार बंद आहे. पण मोकळें रान तरी आहे. विलायतेंतील खेडें चित्रांत हिरवेंगार दिसतें, परंतु तें मेंढरांनीं भरलेलें. कुत्र्यानें मेंढरांचा पाठलाग केला तर १९५३ च्या कायद्यान्वयें धन्यास दंड होतो, आणि कळप वांचविण्यास दुसरा उपाय नसेल तर शेतकरी कुत्र्यास गोळीहि घालूं शकतो. सशामागें कुत्रें सोडण्यास २००५ पासून मनाई. तेव्हां खेड्यांत राहावयाचें आणि गळ्यांतली दोरी सुटावयाची नाहीं, असा हा वास! आम्हीं चिरंजिवांस स्पष्ट लिहिलें कीं, तिला धांवावयास जागा नसेल तर तिला नेऊं नये. नातवाची समजूत आम्ही घालूं.

त्यांचें उत्तर आलें तें वाचून आम्ही थक्क झालों. तेथील कांहीं शेतकरी आपल्या शेतास उंच जाळीचें कुंपण घालतात आणि कुत्र्यांस मोकळें सोडण्यासाठीं तें तासाच्या भाड्यानें देतात! आमच्या पुतण्यानें लागलीच आपल्या पडीक रानाचा हिशेब मांडला.

आमच्या मंडळींनीं जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवून तिला पोटाखालीं बांधण्याचे बंद लाविले, कारण कारवानीच्या अंगावर केंस ते किती! सरमा सुखरूप पोंचली. पहिले आठ दिवस ती दाराशींच बसून होती असें कळलें. नवव्या दिवशीं तिला त्या शेतांत सोडली. नातवानें फोनवर दाखविलें: गोधडी एका बाजूस घसरलेली, आणि बाईसाहेब कुंपणाच्या कडेनें अशा सुटल्या कीं चित्रांत मावेनात. मंडळी म्हणाल्या, "बंद सैल झाले वाटतं."

आतां आठवड्यांतून दोनदां नेण्याचें ठरलें आहे. त्याचें भाडें आमच्या निवृत्तिवेतनांतून जावें असा आमचा हट्ट आहे. चिरंजीव मात्र रक्कम कळवीत नाहींत.